दीड किलोच्या फ्लिपरला हवा किती रुपयांची?

प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली पातं सरकवून त्याला हवेत उडवणारा १.३६ किलोचा रोबो बांधायचा असेल, तर त्याच्या हवेच्या भागांना साधारण २८०० ते ५७०० रुपये लागतात. यात सिलिंडर, व्हॉल्व्ह, नळ्या, फिटिंग, प्रेशर गेज आणि जीएसटी सगळं आलं. हा हिशेब देशी किंवा तैवानी मालाचा. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह नामांकित कंपनीचेच हवे असा आग्रह धरला, तर आकडा ६००० ते ११,५०० पर्यंत जातो. मोटरी, बॅटरी, चासी आणि रिमोटचा खर्च वेगळा. पुढे दिलेले सगळे दर किरकोळ खरेदीचे आणि अंदाजी आहेत. दुकान, शहर आणि तुम्ही किती नग घेता यावर ते खालीवर होतात.

पैशांपेक्षा मोठी अडचण माल सापडण्याची आहे. कॉलेजांच्या रोबोवॉरमध्ये १५ किलो आणि ६० किलोचे गट मुरलेले आहेत. त्या आकाराला लागणारे ३२, ४०, ५० मिलिमीटर बोअरचे सिलिंडर प्रत्येक कारखान्यात असतात, म्हणून प्रत्येक डीलरकडेही असतात. तीन पौंडी, म्हणजे १.३६ किलोच्या ‘बीटल’ गटाची गोष्ट वेगळी. कारखान्याला एवढा छोटा माल क्वचित लागतो, आणि खेळण्यांच्या दुकानात मिळतं ते एका धडकेत तुटतं. मधला माल पॅकिंग मशीनवाले वापरतात. बिस्किटांचे पुडे, औषधांच्या स्ट्रिप, शांपूच्या पुड्या भरणाऱ्या यंत्रांत १६ आणि २० मिलिमीटरचे सिलिंडर रांगेने बसवलेले असतात. त्यामुळे दुकानात ‘रोबोसाठी हवंय’ म्हणण्याऐवजी ‘पॅकिंग मशीनला लागतो तो मिनी सिलिंडर दाखवा’ म्हणा. काउंटरवरचा माणूस सरळ त्या खणाकडे वळेल.

हवेचा फ्लिपर ही मुळात ब्रिटनमधल्या ‘रोबोट वॉर्स’ या टीव्ही स्पर्धेने लोकप्रिय केलेली कल्पना. तिथे केऑस टू या रोबोने कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर समोरच्याला थेट रिंगणाबाहेर फेकून दाखवलं आणि लागोपाठ विजेतेपदं मिळवली. पुढे अमेरिकेतल्या ‘बॅटलबॉट्स’ स्पर्धेत ब्रॉंको हा तसाच रोबो आला. ती सगळी मोठी यंत्रं होती आणि त्यांचे बरेचसे भाग मुद्दाम बनवून घेतलेले. व्हिडिओ पाहून तसाच माल मागायला गेलात तर बजेट पहिल्याच आठवड्यात संपेल. छोट्या गटात बाजारात तयार मिळणाऱ्या भागांवरच खेळायचं असतं, आणि तिथे माझं ठाम मत एकच आहे: पैसे दाबावर खर्च करू नका, हवेच्या वाटेवर करा. भोक मोठं, नळी जाड आणि अंतर कमी ठेवलंत तर सायकलच्या पंपाने भरलेली ७ बारची हवासुद्धा दीड किलोला उलथवायला पुरते.

सिलिंडर: वजन करून घ्या

गणित सोपं आहे. दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ म्हणजे जोर. ७ बारला १० मिलिमीटरचा सिलिंडर सुमारे साडेपाच किलोचा रेटा देतो, १६ चा १४ किलोचा, २० चा २२ किलोचा आणि २५ चा ३५ किलोचा. आता ५० मिलिमीटर स्ट्रोकचा २० चा सिलिंडर धरा. कागदावर तो एका फटक्यात ११ जूल ऊर्जा देतो. १.३६ किलोचा रोबो अर्धा मीटर वर उचलायला ६.७ जूल लागतात. प्रत्यक्षात घर्षण, बिजागरी आणि नळीतला अडथळा यांत बरीच ऊर्जा जाते, म्हणून ही शिलकीची बाजू हवीच. १६ चा सिलिंडर त्याच स्ट्रोकला ७ जूल देतो. तो समोरच्याला उलटा करेल, पण लांब फेकणार नाही. मात्र तो हलका असतो आणि दर फटक्याला हवा कमी खातो. तुमचा रोबो चपळ असेल आणि उलटवण्यावरच समाधान मानणार असाल, तर १६ घ्या. फेकायचंच असेल तर २०.

दुकानात गेल्यावर लेबल नीट वाचा. मिनी सिलिंडरवर आधी मालिकेचं नाव असतं, मग बोअर, मग स्ट्रोक. एअरटॅक या कंपनीच्या पद्धतीने लिहिलेल्या लेबलवर ‘एमए १६ × ५०’ म्हणजे १६ बोअर, ५० स्ट्रोक आणि स्टेनलेसची नळी. ‘एमएएल’ म्हणजे अॅल्युमिनियमची. आकड्यांपुढे ‘एस’ असेल तर पिस्टनमध्ये सेन्सरसाठी लोहचुंबक बसवलेला आहे. कारखान्याला तो लागतो, तुम्हाला नाही. बिनचुंबकाचा मागा, थोडं वजन आणि थोडे पैसे वाचतात. मागच्या टोकाला बिजागरीसारखा कान असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, कारण फ्लिपरचा सिलिंडर स्ट्रोकभर थोडा झुलतो आणि घट्ट आवळलेला सिलिंडर आपलाच दांडा वाकवतो.

खिशात स्वयंपाकघरातला, एक ग्रॅम अचूकतेचा वजनकाटा असू द्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि या सगळ्या खरेदीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. १६ × ५० चा चांगल्या बनावटीचा सिलिंडर ११० ग्रॅमच्या आसपास भरतो. २० × ५० चा जाड टोप्यांचा असेल तर दोनशेच्या वर जातो. त्याच बोअरचे आखूड, चौकोनी अंगाचे ‘कॉम्पॅक्ट’ सिलिंडर जागा वाचवतात, म्हणून दोन्ही काट्यावर ठेवून बघा. देशी किंवा तैवानी नग ५०० ते ९०० रुपयांत, तर फेस्टो किंवा एसएमसीचा १५०० ते २५०० रुपयांत बसतो. खरं सांगायचं तर सिलिंडरमध्ये मला ब्रँडचा हट्ट पटत नाही. कारखान्यातला सिलिंडर लाखो फेऱ्या मारतो, तुमचा मोसमभरात काही शे. शिवाय तो धडकेने मरतो, झिजून नाही.

जुगाड करायचाच असेल तर एक करण्यासारखा आहे. दुहेरी कामाचा सिलिंडर घेऊन हवा फक्त मागच्या तोंडातून द्यायची, पुढचं तोंड उघडं ठेवायचं आणि पातं खाली ओढायला लॅटेक्सची रबरी नळी किंवा जाड रबरबँड लावायचं. परतीच्या फेरीची हवा वाचते, म्हणजे साठ्यातले फटके जवळपास दुप्पट होतात. पुढचं तोंड उघडं असल्याने पिस्टनसमोरची हवा कोंडून राहत नाही आणि फटका जलद बसतो. फक्त स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन टोपीवर आदळू देऊ नका. नायलॉनचा पट्टा बांधून पातं दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबवा.

व्हॉल्व्ह: इथे हात आखडू नका

फ्लिपरचा जीव व्हॉल्व्हमध्ये असतो. छोट्या रोबोसाठी व्हॉल्व्ह शोधताना बहुतेक जण सर्वांत छोटा, नखाएवढा व्हॉल्व्ह उचलतात. दिसायला गोंडस, वजनाला तीस-चाळीस ग्रॅम. पण थेट चालणाऱ्या अशा व्हॉल्व्हचं आतलं छिद्र एखाद्या मिलिमीटरचंच असतं. पातं तेव्हा फटका मारत नाही, हळूहळू उठतं, आणि समोरचा रोबो आरामात बाजूला सरकतो.

तुम्हाला हवा तो पायलटवर चालणारा व्हॉल्व्ह. यात कॉइल छोट्या छिद्रातून थोडी हवा सोडते आणि ती हवा मोठा स्पूल, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, ढकलते. एअरटॅकच्या ‘४व्ही११०’ जातीत एम-५ तोंडाचा आणि १/८ इंची तोंडाचा असे दोन प्रकार मिळतात. एम-५ मधून हवेला मिळणारी वाट दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असते. किमतीत फरक नगण्य, वजनातही फारसा नाही. म्हणून कायम १/८ च घ्या. दुकानात याला ‘एक सूती’ म्हटलं तरी चालतं, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या वरची ‘४व्ही२१०’ पाव इंची जात जास्त हवा सोडते, पण वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं आणि बीटलला ते परवडत नाही.

रांगेत मिळतात ते बहुतेक ५/२ व्हॉल्व्ह, म्हणजे पाच तोंडांचे. आपल्याला ३/२ पुरतो, पण तो मागवावा लागतो आणि दिवस जातात. ५/२ घेऊन एका बाहेर जाणाऱ्या तोंडाला बूच मारलंत की तोच ३/२ सारखा चालतो. बूच दहा-पंधरा रुपयांचं.

कॉइलकडे डोळ्यात तेल घालून पाहा. कारखान्यांची सवय २४ व्होल्ट डीसी आणि २२० व्होल्ट एसीची, म्हणून खणात हात घातला की याच दोन बाहेर येतात. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीला १२ व्होल्ट डीसीचीच कॉइल हवी. ती वेगळी मिळते आणि जुनी काढून बसवता येते, पण कॉइल बदलल्याचे पैसे वेगळे लावणार का हे आधी विचारा. देशी किंवा तैवानी व्हॉल्व्ह १२ व्होल्टच्या कॉइलसह ६०० ते ११०० रुपये, मोठ्या ब्रँडचा २५०० ते ४५००. पैसे शिल्लक असतील तर ब्रँडवर खर्च इथेच करावा. एरवी दोन स्वस्त व्हॉल्व्ह घेऊन एक राखीव ठेवा.

काउंटरवर व्हॉल्व्ह तपासायची रीत अशी. सोबत १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी न्या. कॉइलला लावल्या की ‘टक’ असा आवाज येतो. पण हा आवाज फक्त पायलटचा. पायलट व्हॉल्व्हला स्पूल सरकवायला किमान दीड बार दाब लागतो, म्हणजे बिनहवेचा ‘टक’ ऐकून व्हॉल्व्ह चांगला आहे असं समजायचं नाही. दुकानात कॉम्प्रेसर असतोच. त्याची नळी इनलेटला लावायला सांगा, बाहेर जाणाऱ्या एका तोंडाला बूच मारा, दुसऱ्या तोंडावर अंगठा ठेवा आणि कॉइल चालू-बंद करा. चालू केल्यावर अंगठा ढकलला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर हवा एक्झॉस्टच्या भोकातून एका दमात सुटली पाहिजे. बंद असताना सतत सूं-सूं येत असेल तर आतली सील गेलेली आहे. नग बदलून घ्या. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणताही चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

कॉइल रिमोटच्या रिसिव्हरला थेट जोडता येत नाही. मध्ये रिमोटवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो, तो १५० ते ६०० रुपयांत मिळतो. कॉइलवर उलटा डायोड टाका, १एन४००७ चालतो आणि तो रुपया-दोन रुपयांचा असतो. नाही टाकला तर कॉइल बंद होतानाचा झटका स्विच जाळतो.

नळी हीच टाकी

चार मिलिमीटरची पीयू नळी छोट्या रोबोत सुबक बसते, म्हणून सगळे तीच घेतात. पण चार हा बाहेरचा व्यास आहे. आतलं भोक अडीच मिलिमीटर. सहाच्या नळीचं आतलं भोक चार मिलिमीटर, म्हणजे हवेची वाट अडीचपटीहून जास्त. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत सहाचीच नळी वापरा आणि ती बोटाएवढ्या लांबीत संपवा. दर मीटरमागे २५ ते ४० रुपये. पुश फिटिंग नगाला ३० ते ७० रुपये. सरळ फिटिंगपेक्षा एल्बो महाग आणि हवेला नडणारं, तेव्हा मांडणी अशी करा की कोपरे लागणारच नाहीत.

आटे जुळवताना एक सावधगिरी. आपल्याकडच्या आणि युरोपी मालाला बीएसपी आटे असतात, अमेरिकी मालाला एनपीटी. १/८ ला १/८ दोन-तीन फेरे बसतं, मग अडतं आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून दाबलं की तोंड चिरतं. परदेशातून एखादा भाग मागवला असेल तर त्याचं अडॅप्टरही त्याच ऑर्डरमध्ये मागवा.

आता साठा. १०० मिलिलिटरची टाकी ७ बारला भरली आणि २० × ५० चा सिलिंडर मारला, तर दर फटक्याला १५.७ मिलिलिटर जागा भरावी लागते. पहिल्या फटक्यानंतर दाब ५.९ बारवर येतो, दुसऱ्यानंतर ५, तिसऱ्यानंतर ४.२, चौथ्यानंतर साडेतीनच्या आसपास. म्हणजे तीन दमदार आणि एक बरा असे चार फटके. बहुतेक लढती तीन मिनिटांच्या असतात, आणि चार नेमके फटके कमी नाहीत.

एवढीशी टाकी मिळते कुठे? रिमोटच्या विमानांच्या आत-बाहेर होणाऱ्या चाकांसाठी छोट्या टाक्या येतात, पण त्या आयात कराव्या लागतात आणि महाग पडतात. शीतपेयाची प्लास्टिक बाटली रॉकेटच्या प्रयोगात ठीक, फिरत्या पात्याच्या रोबोसमोर मुळीच नको. मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे बारा मिलिमीटरची जाड पीयू नळी. तिचा आतला व्यास ८ मिलिमीटर, म्हणजे एका मीटरमध्ये ५० मिलिलिटर हवा मावते आणि वजन ७५ ग्रॅमच्या आसपास. दोन मीटर नळी चासीच्या आतल्या भिंतीला तीन वेढे देऊन बसवली की १०० मिलिलिटरची टाकी तयार. ती लवचिक असल्याने धक्का सोसते. एका टोकाला सायकलचा व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला कॉइलवर चालणारा व्हॉल्व्ह. नळीवर छापलेला कमाल दाब वाचल्याशिवाय मात्र घेऊ नका. तो साधारण २० अंश तापमानाचा असतो आणि उष्णता वाढली की कमी होतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत भरलेली नळी ठेवणं धोक्याचं आहे. सराव संपला की हवा सोडून द्या.

भरायला गेज असलेला सायकलचा उभा पंप घ्या. ६०० ते १२०० रुपये. तो ७ बार सहज देतो.

कार्बन डायऑक्साइडची काडतुसं

१२ ग्रॅमचं काडतूस पाहून मोह होतो. त्यातला वायू हवेच्या दाबाला साडेसहा लिटर भरतो, म्हणजे कागदावर आपल्या सिलिंडरचे पन्नास फटके. पण आत द्रवरूपात असलेल्या वायूचा दाब २० अंशाला ५७ बार असतो आणि ३० अंशाला ७२. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही आणि आपल्या उन्हाळ्यात दाब भराभर चढतो. दुकानात ४००-७०० रुपयांना मिळणारा साधा एअर रेग्युलेटर फार तर १०-१५ बारचा इनलेट सोसतो. त्याला काडतूस थेट जोडलं तर रेग्युलेटर फुटतो आणि त्याचे तुकडे जोडणाऱ्याच्याच तोंडावर येतात. मी हे अजिबात सौम्य करून सांगणार नाही: उच्च दाबाचा खास रेग्युलेटर हातात नसेल तर काडतूस विकतही घेऊ नका.

तो रेग्युलेटर मिळतो पेंटबॉलच्या मालात आणि पेयांच्या छोट्या पिंपांसाठी बनवलेल्या मालात. पहिला ५००० रुपयांच्या पुढे आणि बहुतेक वेळा आयात केलेला. दुसरा १५०० ते ४००० रुपयांत, पण त्यातून वायू संथ येतो. शिवाय वायू सुटताना गार होतो, लागोपाठ फटके मारले की रेग्युलेटर गोठतो आणि पन्नासाचे वीसही राहत नाहीत. काडतुसं नगाला ६० ते १०० रुपये. विमानाने काडतुसं नेण्याची परवानगी गृहीत धरू नका आणि हवाई कुरिअरवरही अवलंबून राहू नका. परगावच्या स्पर्धेला जायचं तर ती तिथेच मिळतात का, हे आधी शोधा. वायूच्या मोठ्या सिलिंडरवरून भरायचा विचार असेल तर लक्षात घ्या, ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं धातूचं वायुपात्र २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतं. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मान्यता नसलेलं, शिक्का नसलेलं पात्र कोणी स्वस्तात दिलं तरी घ्यायचं नाही. बीटल गटात पहिल्या वर्षी यापैकी कशाचीही गरज नाही.

कुठे हिंडायचं

मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा. हार्डवेअर, पाइप फिटिंग आणि न्यूमॅटिकची दुकानं एकाला एक लागून आहेत. सकाळी अकराच्या सुमारास पोचा, दुपारनंतर ट्रकचा माल उतरायला लागला की एका नगाच्या गिऱ्हाइकाकडे कोणाचं लक्ष नसतं. स्विच, डायोड, कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर. पुण्यात इलेक्ट्रॉनिक भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, तर न्यूमॅटिक डीलर भोसरी-चिंचवड पट्ट्यात. तिकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारची असते, उगाच हेलपाटा घालू नका. नाशिकला अंबड-सातपूर, छत्रपती संभाजीनगरला वाळूज, कोल्हापूरला शिरोली या वसाहतींच्या आसपास डीलर आहेत. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांच्या आसपास चौकशी करा.

मोठ्या कंपन्या, म्हणजे फेस्टो, एसएमसी किंवा कोइंबतूरची जॅनॅटिक्स, एका नगासाठी शक्यतो डीलरकडेच पाठवतात. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राध्यापकांच्या सहीने मागणी पाठवली तर डीलर सवलतीचा दर देऊ शकतो. मागायला संकोच करू नका. स्टॉकमध्ये नसलेला माल चार ते सहा आठवडे घेतो. स्पर्धांपैकी आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट डिसेंबरात असतो. त्याआधी दिवाळी येते आणि कारखाने-डीलर आठवडाभर बंद राहतात. तेव्हा मागणी गणपतीच्या सुमारास गेली पाहिजे.

जुना माल हा छोट्या रोबोवाल्यांचा मोठा आधार. पॅकिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये जुन्या यंत्रांवरून उतरवलेले मिनी सिलिंडर पडलेले असतात आणि शंभर-दीडशे रुपयांत मिळून जातात. दांडा बोटांनी बाहेर ओढा, प्रकाशात धरून त्यावर उभे ओरखडे दिसतात का ते पाहा. मग दांडा आत ढकला, मागचं तोंड अंगठ्याने बंद करून तो पुन्हा ओढा. सोडल्यावर तो स्वतःहून आत खेचला गेला तर सील शाबूत आहे. व्हॉल्व्ह मात्र जुना घेऊ नये. आत चिकट तेल आणि बिस्किटांचा चुरा बसलेला असतो आणि तो लढतीच्या वेळीच अडकतो.

परदेशातून मागवण्याआधी सगळा खर्च मांडा. मालाची किंमत, कुरिअर, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क मिळून नग दाराशी येईपर्यंत दीडपट, कधी त्याहून महाग होतो. क्लिपार्ड कंपनीसारखे खरोखर नाजूक, हलके भाग ५०० ग्रॅमच्या खालच्या रोबोसाठी मागवणं समजू शकतो. बीटलसाठी त्याची गरज पडत नाही.

बिल मांडून

देशी किंवा तैवानी मालाचा हिशेब असा: सिलिंडर ५०० ते ९००, व्हॉल्व्ह ६०० ते ११००, सहाची आणि बाराची नळी मिळून २६० ते ४००, फिटिंग आणि बुचं ४०० ते ७००, हाताने सरकवायचा स्लाइड व्हॉल्व्ह १२० ते २५०, छोटं गेज १५० ते ३००, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह १५० ते ४००, भरायचा व्हॉल्व्ह ५० ते १५०, इलेक्ट्रॉनिक स्विच १५० ते ६००. एकूण २३८० ते ४८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पंप वेगळा. दुकानात तोंडी सांगितलेला दर बहुतेक वेळा जीएसटी सोडून असतो, म्हणून ‘बिलासकट किती?’ असंच विचारा. पक्कं बिल घ्या. कॉलेजकडून पैसे परत मिळवायला ते लागतंच, पण स्पर्धेच्या तपासणीत भागाचा मॉडेल नंबर आणि सहनदाब दाखवायलाही तेच उपयोगी पडतं.

वजनाचं बिलही मांडा. सिलिंडर दीडशे-दोनशे, व्हॉल्व्ह सव्वाशे, नळीची टाकी दीडशे, बाकी किरकोळ शंभर. म्हणजे १३६० पैकी सव्वापाचशे ते पावणेसहाशे ग्रॅम हवेलाच गेले. उरलेल्यात चाकं, मोटरी, बॅटरी, चिलखत. हे जमत नसेल तर १६ च्या सिलिंडरवर या, किंवा सर्व्होवर चालणारा साधा लिफ्टर बांधा. तोही लढती जिंकतो.

स्लाइड व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यादीतून कधीही वगळू नका. पहिला बाहेरून हात पोचेल अशा जागी, सरकवला की पुढची सगळी हवा बाहेर. दुसरा नळीवर छापलेल्या दाबाच्या खाली लावलेला. पात्याखाली हात घालण्याआधी लाकडाचा ठोकळा किंवा पिन अडकवलेली हवी, मग साठा रिकामा असो वा भरलेला. प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असते. काही छोट्या गटांत वायूला पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी कमी दाबाच्या छोट्या साठ्याला सूट असते. खरेदीआधी आयोजकांना आकृती, मॉडेल नंबर आणि दाब लिहून ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. हिशेब सखोल शिकायचा असेल तर ब्राझीलच्या रिओबॉट्झ संघाचं, मार्को अंतोनियो मेज्जोलारो यांनी लिहिलेलं ‘कॉम्बॉट ट्यूटोरियल’ हे २००९ चं पुस्तक मोफत उपलब्ध आहे. त्यात लढाऊ रोबोच्या बांधणीची बारीकसारीक गणितं दिलेली आहेत.

जोडणी झाली की २ बारला भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे आले तिथे फिटिंग काढा, नळीचं टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि पुन्हा बसवा. पुश फिटिंगमधली बरीचशी गळती तिरक्या कापलेल्या नळीमुळे असते. मग ७ बारला भरा, गेजवरच्या काट्याच्या जागी पेनाने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. काटा खुणेवरून हलला नाही तरच पात्याला रबरबँड जोडायला घ्या. स्पर्धेला जाताना पेटीत एक राखीव कॉइल, चार फिटिंग, अर्धा मीटर सहाची नळी आणि ते ब्लेड असू द्या. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत हे विकत घ्यायला आजूबाजूला दुकान उघडं मिळेलच असं नाही.